रविवारची पुढची सीट

४ जानेवारी, रविवार

निकेतने गाडी घेतली. इलेक्ट्रिक! आणि मला, सख्ख्या मोठ्या बहिणीला, कधी कळलं? हार घालून दारात उभी केल्यावर.

नेहमीसारखी आईला घेऊन तारोडीला मासे आणायला गेले होते. परत तिला काशीगावला सोडायला निकेतच्या टॉवरच्या गेटातून आत वळले, तर मी जिथे गाडी लावते तिथेच ही पांढरीशुभ्र उभी. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबं. निकेत हसतोय, त्याची बायको निशिगंधा पेढ्यांचा बॉक्स घेऊन हसतेय. "ताई, सरप्राइज!" मीही हसले. गाल दुखेपर्यंत हसले.

आई माझ्या गाडीतून उतरली ती हातात कोलंबीची पिशवी तशीच घेऊन सरळ तिकडे गेली. दारावरून हात फिरवला. निकेतने चालू करून दाखवली तर म्हणाली, "आवाजच नाय गो हिला." माझ्या गाडीला आहे. सोळावं वर्ष लागलंय तिला, आवाज येणारच.

निशिगंधा म्हणाली, "पेट्रोलचं टेन्शनच संपलं ताई. रात्री लावायची, सकाळी फुल." मी म्हटलं, छान.

घरी येऊन लवूला सांगितलं, तर नवरोजी काय म्हणाले? "बरं झालं. आता आईंना आरामात फिरता येईल." ह्या माणसाला कुठे काय बोलावं ते लग्नाला इतकी वर्षं झाली तरी कळत नाही.

जळते मी. लिहूनच टाकते. दुसरीकडे कुठे बोलणार?

५ जानेवारी

डोकं शांत केलं. स्टीलच्या कारखान्यात दुसऱ्यांचे हिशेब लिहून पोट भरते मी, स्वतःचा मला येत नाही काय?

त्याला सात वर्षं हप्ते. माझी गाडी केव्हाच फिटली, आणि ती मी माझ्या पगारातून फेडली. लवूने लायसन्सची टेस्ट दिली, नापास झाला, परत त्या वाटेला गेला नाही, म्हणून चालवायलाही मीच शिकले. मागच्या वर्षी पासिंग करून घेतलं, आणखी पाच वर्षं कोणी बोट लावणार नाही. पेट्रोलने शंभरी ओलांडली तेव्हा सीएनजी किट बसवलं. आता चालू करतानाच गॅसवर घेते, पेट्रोलचा थेंब लागत नाही. काटा महिनोन्‌महिने लाल रेघेवर झोपलेला असतो. चांगली चालणारी वस्तू फक्त जुनी झाली म्हणून फेकायची, हे कुठलं शहाणपण?

हे सगळं खरं आहे. तरी ती पांढरी डोळ्यांपुढून जात नाही.

११ जानेवारी, रविवार

आज आई आली माझ्याबरोबर. आली!

आठवडाभर ती त्यांची. मुलगा आहे, तिने तिथेच राहायचं, माझं काही म्हणणं नाही. पण रविवारची सकाळ माझी. सातला तिला काशीगावहून घ्यायचं, पुढच्या सीटवर बसवायचं, तारोडीला सरूबाईकडे मासे, येताना उत्तनला टपरीवर चहा. लवूला गाडीत मळमळतं म्हणून तो येत नाही. आम्ही दोघीच. आई खिडकीची काच खाली करून बसते आणि गावाकडच्या कुणाकुणाच्या गोष्टी सांगते. घरात असताना ती इतकं बोलत नाही. सुनेसमोर तर नाहीच.

आज मुद्दाम तिला गाडीचं महत्त्व पटवलं. तिने विचारलंच नेहमीसारखं, "किती पडतं गो आता गॅस?" मला बरं वाटतं ती विचारते तेव्हा, दुसरं कोण विचारतं? सांगितलं, "बघ आई, गोडदेव ते काशीगाव, तिथून तारोडी आणि परत, दोनशेच्या आत! रिक्षाने सातशे घेतले असते." चढावर एसी बंद करून दाखवला. एसीला किती जास्त जातं, माणसं वाढली की गाडी किती जास्त पिते, सगळं समजावलं. आई "हो का" म्हणाली आणि बाहेर बघत बसली.

सरूबाईने बोंबील साफ करून दिले. मी गाडी वळवून आणेपर्यंत दोघी डोकी जोडून बोलत होत्या. काय एवढं बोलतात कुणास ठाऊक.

१७ जानेवारी

आईचा फोन. "उद्या नको येऊस बाय. फ्रीजमध्ये आहेत मासे." ठीक.

१८ जानेवारी, रविवार

ठीक कसलं, डोंबल!

दहा वाजता फॅमिली ग्रुपवर फोटो. आई तारोडीला, सरूबाईच्या टोपलीपुढे. मागे ती पांढरी. दुसऱ्या फोटोत आई पुढच्या सीटवर, पट्टा लावून, देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखी ताठ. खाली निशिगंधाने लिहिलंय, "आईंची संडे ड्राइव्ह."

आईंची संडे ड्राइव्ह. ही माझी! सहा वर्षं मी नेतेय तिला, तेव्हा कुणाला फोटो काढायची आठवण नव्हती. हीच निशिगंधा म्हणायची, "ताई, कशाला एवढ्या लांब जाता, ऑनलाइन येतात मासे, साफ करून." आणि मला वाटलं होतं, नव्या गाडीत माशांचा वास चालणार नाही, तिथे तरी माझी गाडी जिंकेल. तर तिने थर्माकोलचा खोका घेतलाय. बर्फ घालून. झाकणासकट!

मी लिहिलं, "मस्त", आणि एक हसरा चेहरा टाकला. मग लवूवर ओरडले, भाजीत मीठ जास्त म्हणाला म्हणून. मीठ जास्तच होतं.

२१ जानेवारी

आई खोटं बोलली माझ्याशी. फ्रीजमध्ये मासे आहेत म्हणाली. ह्याचं जास्त लागलंय.

सरळ सांगायचं होतं, मला मऊ सीटवर बसायचंय, एसी हवाय. सत्तरी ओलांडलेली बाई, तिला सुख नको का? कळतं मला. कळतं म्हणून राग कमी होत नाही.

२४ जानेवारी

आज पगारातून मीच थोडी चैन केली. गाडीला नवी सीट कव्हरं, मरून. एसीचा गॅस भरला. आईच्या कमरेसाठी उशी. आरशाला लावायला मोगऱ्याच्या वासाची डबी. लवू बघत उभा होता. म्हणाला, "लग्न आहे काय कुणाचं?"

२५ जानेवारी, रविवार

आई आली नाही. पाय दुखतात म्हणाली. संध्याकाळी निशिगंधाच्या स्टेटसला तिघांचा फोटो, घोडबंदरच्या खाडीवर. पाय बरे झाले वाटतं.

मोगऱ्याच्या वासाने लवूला उभ्या गाडीतसुद्धा मळमळलं. डबी काढून टाकली.

१ फेब्रुवारी

शिमगा एक महिन्यावर आला. गावी पालखी आपल्या दारात येते तेव्हा आई आणि मी दोघी मिळून देवीची ओटी भरतो. आईला गावाला मीच नेते, दर वर्षी. संगमेश्वरच्या पुढे शेवटचा चढ आमची गाडी पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढते, आई दोन्ही हात जोडून बसते, आणि वर पोचलो की गाडीच्या डॅशबोर्डला नमस्कार करते. ते मला हवंय. बाकी रविवार घ्या तुम्ही. शिमगा नाही देणार.

आज फोन करून आईला विचारलंच. "शिमग्याला माझ्याबरोबर ना?" ती म्हणाली, "बघू गो. अजून लांब आहे."

बघू! असं ती भाजीवाल्याला म्हणते.

७ फेब्रुवारी

तयार झाली! उद्या तारोडीला येते म्हणाली. मीच हट्ट धरला, सरूबाईकडे सुरमई सांगून ठेवलीय, आता यायलाच हवं म्हटलं. शिमग्याच्या आधी तिला दाखवते गाडी कशी पळते ते.

गॅस कमी आहे. काशीमिऱ्याच्या पंपावर केवढी ती रांग! सोडून दिली. संपलाच तर पेट्रोल आहे की टाकीत.

८ फेब्रुवारी, रविवार

मेले मी आज. लाजेने मेले.

जाताना सगळं छान. आईने उशी कमरेला लावली, म्हणाली, "बरी आहे गो." सीट कव्हरांवर हात फिरवला आणि विचारलं, "केवढ्याला घेतलीस?" सांगितलं. वर म्हटलं, "त्यांच्या एका हप्त्यात माझ्या चार गाड्यांची कव्हरं येतील आई." तिने कव्हरावरचा हात काढून घेतला. भावाच्या गाडीबद्दल बोललेलं तिला आवडलं नाही असं मला वाटलं.

आणि येताना डोंगरीच्या चढावर गॅस संपला. बटण पेट्रोलवर टाकलं, गाडीने दोन आचके दिले आणि बंद! परत चावी, परत चावी. काही नाही. मागे टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय, "ओ मॅडम, साइड में लो ना!" घाम फुटला मला. हँडब्रेक ओढून चाकाला दगड लावला. आई शेजारी पर्स छातीशी धरून बसलेली.

आणि मग मला निकेतला फोन करावा लागला. मला!

पंधरा मिनिटांत आला तो. आवाज न करता. एक शब्द लागट बोलला नाही, ह्याचाच जास्त राग आला. "होतं ग ताई, जुनी गाडी आहे." आईला म्हणाला, "चल आई, उन्हात नको बसूस." आई त्याच्या गाडीत बसायच्या आधी माझ्याकडे वळली. मला वाटलं, काहीतरी मायेचं बोलेल. म्हणाली, "किती खर्च येईल गो ह्याला?"

मी म्हटलं, "येईल तो येईल. तू जा. तुला काय त्याचं?"

गेली. मी दगडावर बसून रामू मेकॅनिकची वाट बघत राहिले. समोरून एक बाई सायकल हातात धरून चढ चढत होती, मला तिचाही हेवा वाटला.

१० फेब्रुवारी

रामू म्हणाला, "मॅडम, आप तो पेट्रोल डालतेही नहीं हो. मोटर सुखा चला चला के जल गया." टाकीच्या आत पेट्रोलचा पंप असतो, तो पेट्रोलमध्ये बुडून राहिला तरच थंड राहतो म्हणे. म्हणजे मी जे वाचवत होते त्यानेच जाळला. पाव टाकी कायम ठेवा, सांगितलंय.

आईने फोन करून विचारलं, किती झाले. सांगितलं, साडेसहा हजार. "साडेसहा?" तिने परत विचारलं. मला वाटलं आता म्हणेल, विक तो डबा. म्हणून मीच घाईघाईने म्हटलं, "तरी परवडते आई ही. नव्या गाडीच्या अर्ध्या हप्त्याएवढे पण नाहीत." ती म्हणाली, "एवढे माझ्या एका फेरीला?" आणि फोन निशिगंधाकडे दिला.

माझ्यापेक्षा आईला आता हिशेब जास्त कळायला लागले.

१५ फेब्रुवारी

महाशिवरात्र. मासे नाहीत. उपास नीट झाला नाही, साबुदाण्याची खिचडी दोनदा खाल्ली. निकेतच्या गाडीबद्दल वाईटसाईट विचार आले ते आजच्या दिवशी यायला नको होते. बॅटरी बसावी वगैरे.

२२ फेब्रुवारी, रविवार

ठरलं. आई शिमग्याला त्यांच्याबरोबर जाणार.

निकेतनेच सांगितलं फोनवर, भीत भीत. "ताई, आईचंच म्हणणं आहे. आम्ही नाही काही बोललो." म्हणजे तिने स्वतः निवडलं. मी म्हटलं, "अरे, उलट बरं झालं, मलाही मोकळं जाता येईल." आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडले. लवूने बाहेरून विचारलं, "पाणी वाया चाललंय का ग?" नंतर चहा करून आणला त्याने. साखर विसरला होता. प्यायले.

एक लिहिते, कोणी वाचणार नाही म्हणून. बाबा होते तेव्हा आईच्या शेजारी निकेत झोपायचा. लहान म्हणून. मी भिंतीच्या बाजूला. मला ती शेजारी मिळाली ती ह्या गाडीत, पन्नाशीला आल्यावर. तीही गेली.

२८ फेब्रुवारी

उद्या पहाटे निघतोय, मी आणि लवू. गाडी घासून पुसून ठेवलीय. रामूने सगळं बघून दिलंय. गॅस फुल, पेट्रोल पाव टाकी. लवूसाठी आलेपाकाच्या वड्या. उशी काढून ठेवणार होते, राहू दिली.

ते लोकही उद्याच निघताहेत. बघूच कोण आधी पोचतंय.

१ मार्च, रात्री, गावी

आम्ही आधी पोचलो. चार तास आधी! आणि मला काडीचा आनंद नाही.

माणगावच्या पुढे हायवेला एका हॉटेलच्या आवारात ती पांढरी दिसली. चार्जिंगला लावायची होती, पुढे दोन गाड्या. निकेत मोबाइलवर कुणाशी तरी भांडत होता, निशिगंधा गाडीत झोपली होती. आणि आई! पत्र्याच्या शेडखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर पर्स, पदर डोक्यावर घेतलेला. एकटीच बसली होती, ओटीच्या नारळाची पिशवी पायाशी.

खरं सांगते, आधी मला हसूच फुटलं. मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. मग तिचा चेहरा बघितला आणि ब्रेक मारला.

गेले तिच्याजवळ. म्हटलं, "आई, उठ. चल माझ्या गाडीत. दुपारपर्यंत घरी नेते तुला." तिचे डोळे चमकले, देवाशपथ, मी बघितलं ते. पर्स उचललीसुद्धा तिने. मग माझ्या गाडीकडे बघितलं. आत लवू, मागे सामान. आणि परत बसली. म्हणाली, "नको गो बाय. आधीच लोड आहे तुझ्या गाडीला. तू हो पुढं. माझं काय, येते मी ह्यांच्याबरोबर."

"आई, ऊन बघ किती आहे."

"सावलीतच आहे मी. तू जा."

दोन तास उन्हात खुर्चीवर बसेन, पण तुझ्या गाडीत नाही! ह्याच्यापुढे काय राहिलं? मी परत फिरले. लवू म्हणाला, "अग, मी एसटीने येतो, त्यांना बसव." मी म्हटलं, "तिला यायचंच नाहीये, तुझ्या जागेचा प्रश्न नाही." शेवटचा चढ गाडी न कण्हता चढली. डॅशबोर्डला नमस्कार करायला कोणी नव्हतं. लवूने केला, मला बघून घाईघाईने.

५ मार्च

काल पालखी आली दारात. ओटी भरली. आईने नारळ धरला, मी तांदूळ घातले, हात हाताला लागले. तिचा हात गरम होता. मी तिच्याकडे बघितलं नाही.

आज आम्ही निघालो. ती अजून आठवडाभर राहणार निकेतबरोबर. निघताना गाडीच्या खिडकीशी आली आणि म्हणाली, "सावकाश जा. गॅस भरलास ना?" सगळ्यांना माझ्या गाडीत फक्त गॅसच दिसतो. "भरला," म्हटलं आणि काच वर केली.

८ मार्च, रविवार

सकाळी सातला आपोआप उठले. एकटीच तारोडीला गेले.

सरूबाईने विचारलं, "आय न्हाय आली?" मी म्हटलं, तिला आता भावाची गाडी आवडते. पेट्रोल लागत नाही ना तिला.

"मंग, त्येच्यासाठीच ना," सरूबाई म्हणाली. "मना बोलली ती. माज्यापाई लेकीचा लय पेट्रोल जलतं. दर टायमाला सांगते मना, किती जललं. पोराच्या गाडीन बसली तं कोनाचा काय जात न्हाय." कोयत्याने सुरमईचं डोकं उडवत पुढे म्हणाली, "नायतर मासली काय काशीगावला मिलत न्हाय? ती तं तुज्या बाजूला बसाला येत व्हती."

मासे न घेता गाडीत येऊन बसले. शेजारच्या सीटवर उशी.

गावी फोन लावला. आईने पहिल्या रिंगला उचलला. म्हटलं, आई, तारोडीला आलेय.

"एकटीच?" ती म्हणाली. "कशाला गो बाय एवढं पेट्रोल जाळलंस?"